श्रेयनामावलीचे प्रामाण्य

चित्रपटाच्या आरंभी किंवा अखेरीस पडद्यावर येणारी नावांची यादी, जिला मराठीत श्रेयनामावली म्हणतात, ही वरकरणी सौजन्याची बाब वाटत असली तरी तर्कशास्त्राच्या दृष्टीने ती विधानांची मालिका असते. अमुक काम अमुक व्यक्तीने केले असे तिची प्रत्येक ओळ प्रतिपादन करते, आणि जे प्रतिपादले जाते ते खरे किंवा खोटे ठरू शकते. या विधानांची शहानिशा हे इतिहासकारांचे किंवा कोशकारांचे काम समजले जाते आणि जुन्या नोंदी ताडून पाहण्यापलीकडे त्यात विचार करण्याजोगे काही असेल असे सहसा कोणाला वाटत नाही. प्रत्यक्षात मात्र ही शहानिशा करू लागताच दोन प्रश्न आडवे येतात, ज्यांचा ऊहापोह भारतीय दर्शनांनी फार पूर्वी आणि फार बारकाईने केला आहे : दुसऱ्याच्या शब्दावरून झालेले ज्ञान प्रमाण केव्हा मानावे, आणि अनेकांच्या हातून घडलेल्या कृतीचा कर्ता कोणाला म्हणावे. वॉल्ट डिस्ने यांच्या स्टुडिओने काढलेला ‘स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वार्फ्स’ हा अ‍ॅनिमेशनपट, ज्याची गोष्ट मराठी मुले ‘हिमगौरी आणि सात बुटके’ या नावाने ओळखतात, या दोन्ही प्रश्नांच्या चर्चेला सोयीचा आहे. कारण त्याच्याविषयी अतोनात लिहिले गेले आहे आणि त्यातले पुष्कळसे तपासून न पाहता पुन्हा पुन्हा उतरवले गेले आहे.

२१ डिसेंबर १९३७ रोजी लॉस एंजेलिसच्या कार्थे सर्कल थिएटरात हा चित्रपट प्रथम दाखवला गेला. त्याची श्रेयनामावली आरंभीच येते. गोष्ट ग्रिम बंधूंच्या परीकथांवरून घेतल्याचे ती सांगते, त्यानंतर डिस्ने यांनी आपल्या सहकाऱ्यांच्या निष्ठेबद्दल आणि सर्जनशील परिश्रमांबद्दल आभार मानणारी एक पाटी येते, आणि मग पर्यवेक्षक दिग्दर्शक म्हणून डेव्हिड हँड यांचे, पर्यवेक्षक अ‍ॅनिमेटर म्हणून हॅमिल्टन लस्क, व्लादिमीर टिटला, फ्रेड मूर आणि नॉर्मन फर्ग्युसन यांचे, त्याखेरीज प्रसंगदिग्दर्शक, कथाकार, कलादिग्दर्शक, पात्ररचनाकार, संगीतकार, पार्श्वचित्रकार आणि अ‍ॅनिमेटर यांचे उल्लेख येतात. १९३७ च्या मानाने ही यादी कंजूष नाही. तरीही तिच्यात एक संपूर्ण वर्ग नाही, तो म्हणजे आवाज देणाऱ्यांचा. नायिकेचा बोलण्याचा आणि गाण्याचा आवाज ज्यांचा होता त्या अ‍ॅड्रियाना कॅसेलॉटी, राणीला आणि तिच्या म्हातारीच्या सोंगाला आवाज देणाऱ्या लुसील ला व्हर्न, ‘ग्रम्पी’ आणि ‘स्लीपी’ या दोन बुटक्यांना आवाज देणारे पिंटो कॉल्विग, यांपैकी कोणाचेही नाव पडद्यावर नाही. नायिकेच्या हालचाली रेखाटण्यासाठी जिचे नृत्य आणि चालणे आधी चित्रित करून घेतले गेले ती तरुण नर्तकी मार्जोरी बेल्चर, जी पुढे मार्ज चॅम्पियन या नावाने प्रसिद्ध झाली, तीही यादीत नाही.

आता ही यादी कोणत्या प्रकारचे प्रमाण आहे? न्यायदर्शन शब्दाला स्वतंत्र प्रमाण मानते, पण तो आप्ताचा शब्द असला पाहिजे अशी अट घालते. आणि आप्त म्हणजे कोण, हे सांगताना भाष्यकार वात्स्यायन दोन लक्षणे देतात : ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि जी जशी जाणली तशीच ती इतरांना कळावी या इच्छेने जो बोलतो, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखेच लागू आहे, असेही ते आवर्जून नोंदवतात, म्हणजे आप्तपणा हा कुळाचा किंवा प्रतिष्ठेचा गुण नव्हे. या कसोटीवर स्टुडिओ पहिल्या लक्षणात पूर्णपणे उतरतो, कारण काम कोणी केले हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. दुसऱ्या लक्षणात मात्र तो डळमळतो. श्रेयनामावली लिहिणारी संस्था त्याच वेळी मालक असते, वेतन देणारी असते आणि जाहिरात करणारी असते, त्यामुळे जसे घडले तसे सांगण्याच्या इच्छेबरोबर तिच्या ठिकाणी इतर इच्छाही वावरत असतात. नायिका ही नायिकाच वाटावी, तिच्यामागे एखादी गायिका उभी आहे हे प्रेक्षकाच्या मनात येऊ नये, ही त्यांपैकी एक इच्छा होती असे मानण्यास आधार आहे. म्हणून ही यादी जे सांगते त्याबाबत बहुतांशी विश्वसनीय आणि जे सांगत नाही त्याबाबत मुळीच विश्वसनीय नाही, असा काहीसा विचित्र निष्कर्ष निघतो.

न सांगितलेल्याचे काय करावे, यासाठी मीमांसकांकडे अधिक धारदार साधन आहे. कुमारिल भट्टांच्या परंपरेने, आणि तिला अनुसरून अद्वैत वेदान्तानेही, अनुपलब्धी म्हणजे न आढळणे हे सहावे प्रमाण मानले. जमिनीवर घट दिसत नाही, यावरून घट नाही असे ज्ञान होते. परंतु हे न आढळणे योग्य असावे लागते, म्हणजे वस्तू तेथे असती तर ती दिसलीच असती अशी परिस्थिती असावी लागते. अंधारात घट दिसला नाही म्हणून तो नाही असे ठरत नाही. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. श्रेयनामावली तपासणाऱ्यांच्या बहुतेक चुका या एका भेदाकडे दुर्लक्ष केल्याने होतात. पार्श्वचित्रकारांची यादी दिलेली असताना एखादे नाव तेथे नसेल तर त्या अभावाला काही वजन आहे, कारण ते नाव येण्याची जागा तेथे होती. आवाज देणाऱ्यांची जागाच ज्या यादीत नाही तिच्यात कॅसेलॉटी यांचे नाव नसणे हा अंधारातला अभाव आहे आणि त्यावरून त्यांच्या कामाविषयी, कामाच्या मोलाविषयी किंवा त्यांच्या संमतीविषयी काहीही अनुमान काढता येत नाही. १९९४ मध्ये डिस्ने कंपनीने त्यांना ‘डिस्ने लेजंड’ हा सन्मान दिला, म्हणजे मूळ यादीत जे नव्हते ते त्याच संस्थेने ५७ वर्षांनी मान्य केले. येथे दोन विधाने परस्परविरोधी नाहीत. पहिले मौन होते आणि दुसरे वचन आहे, एवढेच.

प्रामाण्याच्या प्रश्नात न्याय आणि मीमांसा यांच्यात एक जुना वाद आहे. नैयायिकांच्या मते ज्ञान खरे आहे हे दुसऱ्या कशावरून तरी पडताळावे लागते. मीमांसकांच्या मते ज्ञान उपजताच प्रमाण असते आणि पुढे बाधक ज्ञान आले किंवा ज्या कारणातून ते उपजले त्यात दोष आढळला तरच ते सोडावे लागते. पहिल्याला परतःप्रामाण्य आणि दुसऱ्याला स्वतःप्रामाण्य म्हणतात. शहानिशा करणारा मनुष्य पक्का नैयायिक असला पाहिजे अशी समजूत असते, परंतु प्रत्येक विधान पडताळल्याशिवाय मानायचे नाही असे म्हटल्यास पडताळणाऱ्या विधानाचीही पडताळणी हवी आणि त्या साखळीला शेवट नाही. व्यवहारात तो मीमांसकच असतो : मिळालेली माहिती धरून चालतो आणि बाधक कोठे आहे, कारणदोष कोठे आहे, यांवर नजर ठेवतो.

‘स्नो व्हाइट’ हा जगातील पहिला पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट होय, हे विधान घेतले तर दोन्ही गोष्टी एकदम हाती लागतात. लोटे रायनिगर यांचा कागदी छायाकृतींनी बनवलेला प्रिन्स आख्मेदवरील जर्मन चित्रपट १९२६ चा आहे आणि तो आजही पाहता येतो. हे सरळ बाधक. त्याच्याही आधी, १९१७ मध्ये, अर्जेंटिनात क्विरिनो क्रिस्तियानी यांनी ‘एल अपोस्तोल’ हा राजकीय उपहासाचा अ‍ॅनिमेशनपट काढला होता, पण त्याची एकही प्रत उरलेली नसल्याने त्याचे अस्तित्व आज केवळ शब्दप्रमाणावर उभे आहे. कारणदोषही उघड आहे, कारण ‘पहिला’ हा शब्द प्रथम जाहिरातीतून येतो आणि मग ग्रंथांत शिरतो. पारदर्शक सेल्युलॉइडच्या पत्र्यांवर, म्हणजे सेलवर, रेखाटलेला पहिला पूर्ण लांबीचा अमेरिकी चित्रपट असे म्हटले की विधान टिकते. मर्यादा घातली की सत्य उरते, आणि जाहिरातीला नकोशी असते ती नेमकी मर्यादा. (मराठी वाचकाला हा प्रकार अपरिचित नाही. फाळक्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ आणि तोरण्यांचा १९१२ चा ‘श्री पुंडलिक’ यांतला पहिला कोणता, हा वाद ‘चित्रपट’ कशाला म्हणायचे हे न ठरवताच अजून घातला जातो.)

याहून अवघड उदाहरण नायिकेच्या गालांचे आहे. तिच्या गालांवरची मंद लाली सेलवर रंगाच्या सपाट थराने साधण्यासारखी नव्हती, कारण अपारदर्शक रंगाला कडा येते आणि कडा आली की गाल रंगवलेल्या बाहुलीचे दिसतात. शिवाय ती लाली प्रत्येक सेलवर अगदी त्याच जागी आणि त्याच विरळपणाने उतरणे आवश्यक होते, नाही तर चेहरा हलताना पडद्यावर ती थरथरली असती. स्टुडिओतील रंगकाम करणाऱ्या स्त्रियांनी स्वतःच्या वापरातले रूज लावून हे साधले, अशी एक कथा सर्वत्र सांगितली जाते. दुसऱ्या एका हकीकतीनुसार ते रूज नव्हते, कापसाच्या बोळ्याने टिपलेला पातळ रंग होता, आणि या कामाशी हेलन ऑगर यांचे नाव जोडले जाते. दोन आप्तवचने समोरासमोर आली असता कोणते घ्यावे? येथे कारणदोषाचा विचार उपयोगी पडतो. पहिली कथा ज्या कारणाने लोकप्रिय झाली ते कारण, म्हणजे बायका आणि त्यांची प्रसाधने यांविषयीची गोड कल्पना, तिच्या खरेपणाशी असंबद्ध आहे. दुसरी हकीकत रुक्ष असून तिच्यात कामाची पद्धत आणि करणारीचे नाव आहे. यावरून दुसरी खरी असे सिद्ध होत नाही, पण सिद्धतेचा भार कोणावर आहे ते कळते.

येथून कर्त्याच्या प्रश्नाकडे वळावे लागते, कारण या चित्रपटाविषयीची सर्वांत पसरलेली चूक तेथे आहे : तो वॉल्ट डिस्ने यांनी दिग्दर्शित केला, किंवा त्याहूनही भाबडेपणाने, त्यांनी काढला म्हणजे रेखाटला. श्रेयनामावलीत तसे म्हटलेलेच नाही. चित्रपटाला जो विशेष ऑस्कर १९३९ मध्ये देण्यात आला, त्यात एक मोठी आणि सात लहान अशा आठ मूर्ती होत्या आणि आठही डिस्ने यांच्या हाती दिल्या गेल्या. सात लहान मूर्ती कथेतल्या काल्पनिक बुटक्यांसाठी होत्या, त्यांना रेखाटणाऱ्या खऱ्या माणसांसाठी नव्हत्या, ही गोष्ट त्या समारंभात कोणाला खटकल्याचे दिसत नाही.

तरीही डिस्ने यांचे नाव केवळ मालकाचे म्हणून बाजूला सारणे हीसुद्धा चूकच ठरेल. पाणिनीने कर्ता म्हणजे क्रियेत स्वतंत्र असणारा अशी व्याख्या करून लगेच पुढच्या सूत्रात, त्या स्वतंत्राला प्रवृत्त करणाऱ्यालाही कर्ता म्हटले आहे. व्याकरणात यालाच प्रयोजक कर्ता म्हणतात. जो करतो तो एक आणि जो करवतो तो दुसरा, आणि दोघांचेही कर्तृत्व खरे. १९३४ मध्ये डिस्ने यांनी आपल्या चित्रकारांना एका संध्याकाळी बसवून संपूर्ण कथा एकट्याने, प्रत्येक पात्राचा अभिनय करत, सांगितली, अशी आठवण त्या चित्रकारांपैकी अनेकांनी नोंदवली आहे. तपशिलांत या आठवणी जुळत नाहीत, गाभ्यात जुळतात. तो पुढील साऱ्या कामाचा प्रयोजक क्षण होता असे म्हणता येईल. चूक होते ती प्रयोजकाला कर्ता म्हटल्याने नव्हे, तर त्याला एकटाच कर्ता म्हटल्याने. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत, अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे म्हणजे साधने, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे हालचाली, आणि दैव. आणि हे पाचही असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याची बुद्धी संस्कारहीन आहे असा निर्णय दिला आहे. भाष्यकार अधिष्ठान म्हणजे शरीर असे घेतात, त्यामुळे त्याच्या जागी स्टुडिओ आणि साधनांच्या जागी कॅमेरे व सेल ठेवणे हा अर्थाचा विस्तार आहे हे मान्य केले पाहिजे. पण चेष्टांचे अनेकत्व मात्र कोणताही विस्तार न करता लागू पडते.

हा संभ्रम अमेरिकेचा किंवा विसाव्या शतकाचा विशेष नाही. फ्रान्समधील ओतँ येथील कॅथेड्रलच्या दारावर, सुमारे ११३० मध्ये कोरलेल्या अंतिम न्यायाच्या शिल्पाखाली, गिस्लेबर्टस याने हे केले असा लॅटिन लेख आहे. दीर्घकाळ तो शिल्पकाराचे नाव समजला गेला आणि त्या एका ओळीवरून एका महान कलावंताचे चरित्र उभारले गेले. नंतर अभ्यासकांनी असा पक्ष मांडला की ते ज्याच्या दानाने वा आश्रयाने काम झाले त्या जुन्या सरदाराचे नाव असावे. लेखातले क्रियापद करणे आणि करवणे दोन्ही पोटात घेते. ग्रिम नॅटविक या अ‍ॅनिमेटरची गोष्ट याच्या उलट बाजूची आहे : १९३० मध्ये फ्लायशर स्टुडिओत असताना त्यांनी ‘बेटी बूप’ला रूप दिले आणि ती मॅक्स फ्लायशर यांच्या नावाने जगभर गेली, पुढे डिस्नेकडे हिमगौरीच्या रेखाटनाचा मोठा भाग त्यांनी उचलला आणि यादीत ते अ‍ॅनिमेटरांच्या रांगेत एक नाव म्हणून राहिले.

कर्तृत्वाचा शोध जितका मागे न्यावा तितका तो धूसर होतो, कारण कथेचाही कर्ता विचारावा लागतो. ग्रिम बंधूंनी ही कथा रचली नाही, लोकांच्या तोंडून ऐकून संकलित केली. पण संकलन म्हणजे निव्वळ लेखनिकपणा नव्हे. १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत मुलीचा जीव घेऊ पाहणारी राणी ही तिची सख्खी आई होती आणि १८१९ च्या आवृत्तीत तिला सावत्र आई करण्यात आले. चुंबनाने जाग येणे ग्रिमच्या कथेत नाही, तेथे पेटी नेताना धक्का बसतो आणि सफरचंदाचा तुकडा घशातून बाहेर पडतो. बुटक्यांना स्वतंत्र नावेही नव्हती. ‘ग्रिमची कथा’ या शब्दप्रयोगाचा अर्थ म्हणूनच जपून घ्यावा लागतो, आणि त्यासाठी मीमांसासूत्रकार जैमिनीचे एक उत्तर नेमके उपयोगी पडते. वेद अपौरुषेय, म्हणजे कोणा पुरुषाने न रचलेले, असतील तर त्यांच्या शाखांना काठक वगैरे माणसांची नावे कशी, या आक्षेपावर मीमांसकांनी असे सांगितले की ही नावे रचनेवरून नव्हे, प्रवचनावरून पडली. ज्याने ती शाखा विशेषत्वाने शिकवली त्याचे नाव तिला चिकटले. ग्रिमचे नाव कथेला आणि डिस्नेचे नाव चित्रपटाला ज्या प्रकारे चिकटले आहे त्याचे वर्णन याहून अचूक करणे कठीण आहे.

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. जी परंपरा कर्तृत्वाचा अभिमान हेच बंधनाचे मूळ मानते, तिच्या परिभाषेत नावासाठी एवढी झटापट करणे विपरीत नव्हे काय? काम झाले, मुलांना आनंद मिळाला, नाव कोणाचे याने काय बिघडते? हा युक्तिवाद वैराग्याचा वाटतो आणि म्हणूनच तो मालकवर्गाला नेहमीच प्रिय असतो. त्यातला दोष असा की तो त्यागाचा कर्ता बदलतो. फलाचा त्याग ज्याचे फल आहे त्यानेच करायचा असतो. दुसऱ्याच्या वतीने केलेल्या त्यागाला दुसरे नाव आहे. कॅसेलॉटी यांनी नाव सोडले नव्हते, ते लिहिले गेले नव्हते. १९४१ च्या मे महिन्याच्या अखेरीस डिस्ने स्टुडिओत संप झाला तेव्हा वेतन आणि संघटनेची मान्यता यांच्याबरोबर पडद्यावरील नामनिर्देश हाही असंतोषाचा विषय होता, आणि संपाच्या पुढाऱ्यांत आर्ट बॅबिट होते, ज्यांचे नाव ‘स्नो व्हाइट’च्या यादीत होते. ज्यांना नाव मिळाले होते तेही न मिळालेल्यांबरोबर उभे राहिले, एवढ्यावरूनही हा केवळ अहंकाराचा मामला नव्हता हे दिसते.

आणि मुळात नामनिर्देश हा घेणाऱ्याच्या बाजूचा विचारच नाही. तैत्तिरीय संहिता ब्राह्मण जन्मतःच तीन ऋणांनी बांधलेला असतो असे सांगते, आणि त्यांतले ऋषींचे ऋण ब्रह्मचर्याने, म्हणजे अध्ययनाने, फेडायचे असते, धनाने नव्हे. ज्या वेदाला कर्ताच नाही असे मीमांसक सांगतात, त्याच ऋग्वेदाच्या प्रत्येक सूक्ताचा ऋषी, देवता आणि छंद कात्यायनाच्या ‘सर्वानुक्रमणी’त नोंदलेला आहे, आणि ऋषी न जाणता मंत्र पढवणे हा परंपरेत दोष मानला गेला आहे. ऋषी हा मंत्राचा कर्ता नव्हे, द्रष्टा आहे. त्याला मालकी नाही, मानधन नाही, अभिमानाला जागा नाही, आणि तरीही त्याचे नाव घ्यायचे असते, कारण ते नाव त्याच्या गौरवासाठी नसून पढणाऱ्याच्या ऋणाची पोच म्हणून आहे. अहंकाराच्या विसर्जनाचा सर्वांत मोठा पुरस्कार करणाऱ्या वारकरी संतांनी अभंगाच्या अखेरीस नाममुद्रा घातलीच, आणि जनाबाईंच्या मुद्रेत तर स्वतःच्या नावाबरोबर नामदेवांचेही नाव येते. श्रेयनामावली तपासणारा मनुष्य कलावंताचे हक्क वसूल करत नसतो, आपल्याकडे जे आले ते कोणाकडून आले एवढे तो नीट लिहून ठेवत असतो. कलावंताने त्यावर उदास राहावे की हर्षित व्हावे, हा कलावंताच्या साधनेचा प्रश्न आहे.

उरतो तो सर्वांत अवघड भाग. चित्रकारांची पेन्सिलरेषा सेलवर शाईने गिरवून मागच्या बाजूने रंग भरण्याचे काम करणाऱ्या शंभराहून अधिक स्त्रिया स्टुडिओच्या शाई-रंग विभागात होत्या. प्रेक्षकाला पडद्यावर दिसते ती प्रत्येक पात्ररेषा शब्दशः त्यांच्या हातची आहे, अ‍ॅनिमेटरच्या हातची नाही; तरीही १९३७ च्या यादीत त्यांचा वर्गच नाही. मिंडी जॉन्सन यांच्या २०१७ मधील ग्रंथाने यांपैकी अनेक नावे पुन्हा उजेडात आणली, पण कोणत्या सेलवर कोणाचा हात फिरला हे बहुतांश सेलबाबत ठरवता येण्यासारखे नाही. येथे वैयक्तिक नामनिर्देश जमत नाही म्हणून निर्देशच करू नये असा तर्क केला जातो, आणि सर्वानुक्रमणीकारांना तो पटला नसता. ज्या सूक्तांचा ऋषी निश्चित नव्हता तेथे त्यांनी ‘किंवा’ घालून दोन नावे दिली. आणि नवव्या मंडलातील ६६ व्या सूक्तापुढे ऋषी म्हणून शंभर वैखानसांची एकत्र नोंद केली. एकेकाचे नाव नाही, पण संख्या आहे, कुळ आहे, आणि सूक्त निनावी राहिलेले नाही. ‘स्नो व्हाइट’ची सुधारलेली श्रेयनामावली करायची झाल्यास शाई-रंग विभागाची ओळ याच नमुन्यावर लिहावी लागेल, आणि गालांच्या लालीपुढे हेलन ऑगर यांचे नाव ‘असे सांगितले जाते’ या शेऱ्यासह.